जर्मनीत नोकरी हमखास नाही

जर्मनीत शिक्षण फुकट आणि नोकरी हमखास, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे दिशाभूल करणारे आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे खरे. पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून प्रतिसत्र 1500 युरो घेते. राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळाच. पदवीनंतर 18 महिन्यांचा परवाना मिळतो, तो नोकरी शोधण्याचा! अभ्यासक्रम इंग्रजीत झाला, तरी लहान-मध्यम कारखान्यांतले कामकाज बहुधा जर्मनमध्येच चालते. तिथे उत्तम गुणांची मुलेही अडतात. कर्ज काढणाऱ्या आईबापांना हे आधी कोणी सांगत नाही, याचा संताप येतो. पालकांना कळकळीची विनंती : पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकता येते; मुलांना निदान बी-1 ही मध्यम पातळी गाठू द्या, मगच तिकीट काढा.
– एक पालक, पुणे