सीसीटीव्ही कॅमेरा घेताय? आधी ‘काय दिसायला हवं’ ते ठरवा

चोरी झाली, कॅमेराही सुरू होता. पण फुटेजमध्ये दिसते ती फक्त चोराची टोपी. किंवा नेमकं त्या दिवसाचं रेकॉर्डिंगच पुसलं गेलेलं असतं. कॅमेरा महागाचा असला तरी असं होऊ शकतं, कारण खरेदी करताना आपण किंमत आणि मेगापिक्सेल बघतो. कॅमेऱ्याने नेमकं काय दाखवायला हवं, हे ठरवत नाही. म्हणूनच दुकानात जाण्यापूर्वी या गोष्टी लक्षात घ्या.

चेहरा हवा की परिसर?

२.८ मिमीची लेन्स बराच मोठा भाग दाखवते. पण २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू येईल, तो साधारण १० फुटांपर्यंतच. अंगण, पार्किंग किंवा दुकानाचा हॉल यांसाठी ती चांगली. गेट थोडं लांब असेल तर ४ किंवा ६ मिमीची लेन्स घ्या. दारावरचा कॅमेरा छताला लावण्यापेक्षा ७-८ फुटांवर लावा, म्हणजे डोकं नाही, चेहरा दिसेल.

उजेड आणि अंधार

दारामागून ऊन येत असेल तर आत येणारा माणूस काळ्या सावलीसारखा दिसतो. अशा जागी डब्ल्यूडीआर असलेला कॅमेरा हवा. रात्रीसाठी इन्फ्रारेड पुरेसं आहे, पण त्यात चित्र कृष्णधवल येतं. कपड्यांचा किंवा गाडीचा रंग कळायला हवा असेल तर रंगीत नाइट व्हिजन घ्या. खिडकीच्या काचेआड मात्र कॅमेरा ठेवू नका. इन्फ्रारेडचा प्रकाश काचेवरून परततो आणि चित्र पांढरं पडतं. बाहेरच्या कॅमेऱ्यावर आयपी ६६ किंवा ६७ लिहिलेलं आहे का, हे पावसाळ्याआधीच तपासा.

रेकॉर्डिंग किती दिवस टिकेल?

२ मेगापिक्सेलच्या एका कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, वेग २ एमबीपीएस धरला, तर दिवसाला सुमारे २१ जीबी होतं. म्हणजे १२८ जीबीचं कार्ड ६ दिवसांत भरतं आणि जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं. १० दिवस गावी जाणार असाल तर पहिल्या दिवशी काय झालं, ते परत आल्यावर दिसणारच नाही! १ टीबीची हार्ड डिस्क चार कॅमेऱ्यांना ११-१२ दिवस पुरते.

आईवडील घरी एकटे असतील आणि एक-दोन ठिकाणीच लक्ष ठेवायचं असेल, तर वाय-फाय कॅमेरा सोयीचा आहे. दुकान किंवा गोदामासाठी वायरवाली यंत्रणाच घ्या. रेकॉर्डर मात्र गल्ल्याजवळ ठेवू नका, नाहीतर चोर पुरावाही सोबत घेऊन जाईल. आणि वीज गेल्यावर सगळंच बंद पडू नये म्हणून राउटर व रेकॉर्डरला छोटा यूपीएस जोडा. वायरवाल्या कॅमेऱ्यांचा वीजपुरवठाही त्यावरच घ्या.

तुमचं घर दुसरं कुणी पाहत नाही ना?

इंटरनेटला जोडलेला कॅमेरा म्हणजे घरात उघडणारी एक खिडकीच. कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, ओटीपीची दुहेरी सुरक्षा सुरू करा आणि कॅमेरा बसवणाऱ्याकडे पासवर्ड राहू देऊ नका. भारतात एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीसाठी सायबर सुरक्षेचे नियम सक्तीचे झाले आहेत. त्यामुळे दुकानदाराला बीआयएस नोंदणी आणि एसटीक्यूसी चाचणीबद्दल नक्की विचारा.

बेडरूम, बाथरूम, कपडे बदलण्याची खोली इथे कॅमेरा नकोच. कुणाच्याही खासगी अवयवांचं परवानगीशिवाय चित्रण केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई नुसार ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शेजाऱ्यांचं दार किंवा खिडकी फ्रेममध्ये येत असेल तर कॅमेरा थोडा वळवा. घरात कामाला येणाऱ्या ताईंना आणि दुकानातल्या कर्मचाऱ्यांनाही कॅमेऱ्याबद्दल आधीच सांगा.

कॅमेरा बसवून झाला की रात्री एकदा घरातल्याच कुणाला तरी दारातून चालत यायला सांगा आणि ते रेकॉर्डिंग मोबाइलवर पाहा. चेहरा ओळखू आला, तरच बसवणाऱ्याचे उरलेले पैसे द्या.