चार मिलिलिटर औषध

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, सरदारपूर तालुक्यातल्या एका फलियात, म्हणजे पाड्यावर, मी एका आईला औषध तयार करताना पाहिलं. स्टीलच्या वाटीत तिने मोजून दहा मिलिलिटर पाणी घेतलं, कॅप्सूलची दोन टोकं नखाने ओढून वेगळी केली आणि आतली भुकटी पाण्यात सोडली. काडीने ढवळली. मग सुई नसलेल्या सिरिंजने चार मिलिलिटर ओढून मांडीवरच्या मुलाच्या गालात सोडले. मुलाने तोंड वाकडं केलं, पण गिळलं. मूल चार वर्षांचं, वजन बारा किलो. कॅप्सूल हायड्रॉक्सियुरियाची, पाचशे मिलिग्रॅमची. त्याला लागतात दोनशे. उरलेलं पाणी ती रोज अंगणात ओतते, कोंबड्या टिपतात तिथेच. आई तापाने पडली की हे काम तिच्या जावेकडे जातं. जाऊ गरोदर आहे, आणि ही भुकटी गरोदर बाईच्या हाताला लागता कामा नये. ते त्या घरात कुणी सांगितलेलं नव्हतं.

मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. घरात त्याचं कार्ड आहे, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून धान्याच्या कोठीवर ठेवलेलं. तपासणी झाली, निदान झालं, औषध फुकट मिळालं. हे सगळं सरकारने केलं आणि ते मोठं काम आहे, हे आधी मोकळेपणाने सांगतो. नोव्हेंबर 2021 मध्ये झाबुआ आणि अलिराजपूर या दोन जिल्ह्यांपासून मध्य प्रदेशाने सुरुवात केली. 1 जुलै 2023 ला शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान जाहीर झालं: चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन. आणि 17 सप्टेंबर 2025 ला याच धार जिल्ह्यात, शेजारच्या बदनावर तालुक्यातल्या भैंसोल्यात, कापड उद्योगाच्या पीएम मित्र पार्कच्या पायाभरणीच्या कार्यक्रमात राज्यातलं एक कोटीवं सिकलसेल कार्ड पंतप्रधानांच्या हस्ते दिलं गेलं. ज्या आजाराचं नावही पाड्या-फलियांवर कुणी घेत नव्हतं, 'हाडं दुखतात, पोर अशक्त आहे' एवढंच म्हटलं जायचं, त्याला आता नाव आहे.

पण कार्ड हातात आल्याने मुलाचं दुखणं थांबत नाही. अभियानाचा सगळा हिशोब तपासण्यांचा आणि कार्डांचा आहे. मुलांचा हिशोब अजून कुणी मांडत नाही, आणि माझं म्हणणं त्याबद्दल आहे.

सिकलसेलच्या मुलाची पहिली पाच वर्षं सगळ्यात धोक्याची. जन्माच्या वेळी रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, ते बाळाला जपतं. पाच-सहा महिन्यांनी ते ओसरतं आणि आजार डोकं वर काढतो. बाळाचे तळहात-तळपाय सुजतात, ते रडून रडून बेजार होतं. घरच्यांना वाटतं काही चावलं, कुणाची नजर लागली. बडवा, म्हणजे तिथला भगत, झाडतो. मग प्लीहा हळूहळू निकामी होत जाते आणि साधा न्यूमोनियाचा जंतूही दोन दिवसांत मूल घेऊन जाऊ शकतो. अशी मुलं 'तापाने गेली' म्हणून नोंदली जातात. सिकलसेलच्या खात्यात ती येतच नाहीत.

यावरचे उपाय महागही नाहीत आणि नवेही नाहीत. 1986 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की रोज दोन वेळा पेनिसिलिन दिलं तर या मुलांमधले घातक संसर्ग 84 टक्क्यांनी घटतात. परिणाम इतका स्पष्ट होता की तो अभ्यास वेळेआधीच थांबवून सगळ्याच मुलांना औषध देण्यात आलं. जमैकात डॉ. ग्रॅहम सर्जंट यांच्या गटाने त्याहूनही साधी गोष्ट केली. प्लीहेत अचानक रक्त साठून मूल तासाभरात पांढरंफटक पडतं, त्यात अनेक मुलं जात. त्यांनी आयांना डाव्या बरगडीखाली बोटं ठेवून प्लीहा चाचपायला शिकवलं. रोजच्यापेक्षा मोठी लागली तर लगेच दवाखाना. त्या प्रसंगात दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण जवळजवळ एक दशांशावर आलं. यंत्र नाही, वीज नाही, आईची चार बोटं. ही गोष्ट वाचली तेव्हापासून मला राहून राहून वाटतं की आपल्या आशाताईंच्या प्रशिक्षणात हा अर्धा तास का नसावा?

मात्र हे सगळं तेव्हाच करता येतं, जेव्हा बाळ सहा महिन्यांचं होण्याआधी त्याचा आजार ठाऊक असतो. इथे आपली आखणी उणी पडते. गावोगावच्या शिबिरांत रक्ताचा थेंब द्रावणात टाकून पाहण्याची जी सोपी चाचणी होते, ती नवजात बाळाला लागू पडत नाही, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं. बाळाच्या टाचेतून रक्ताचा ठिपका कागदावर घेऊन तो प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. मुलांच्या तपासणीसाठी असलेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये महाराष्ट्रात पालघरला सुरू झाला; त्याची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, गाडीत दोन आयुष डॉक्टर, एक नर्स आणि एक औषधनिर्माता. फाटका ओठ, वाकडा पाय, हृदयात छिद्र असलेल्या कितीतरी मुलांचं या कार्यक्रमामुळे भलं झालं. मध्य प्रदेशात तर हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी मुख्यमंत्र्यांच्या नावाची वेगळी बाल हृदय योजनाही आहे. पण शस्त्रक्रिया एकदा होते आणि फाइल बंद करता येते. सिकलसेलच्या मुलाची फाइल अठरा वर्षं उघडी राहते. आपल्या योजनांना एकदाच करायचं काम नीट जमतं, रोजचं काम त्यांच्या हातून निसटतं.

मराठी वाचकाला धार-देवास म्हटलं की पवारांच्या गाद्या आठवतात आणि कुमार गंधर्व आठवतात. 1948 मध्ये क्षयाने ग्रासलेले कुमारजी देवासला आले ते कोरड्या हवेसाठी, अशी आपण त्यांची गोष्ट सांगतो. पण त्यांना उठवलं ते नव्याने आलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने आणि वर्षानुवर्षं उशाशी बसलेल्या पत्नी भानुमतीबाईंनी. लांबच्या दुखण्याला औषध लागतं आणि ते रोज देणारं, विचारणारं माणूस लागतं. सरदारपूरच्या त्या मुलाकडे औषध आहे, आई आहे. आईला विचारायचं असेल तेव्हा विचारावं असं माणूस नाही.

आणि दिवाळी झाली की तीही गावात नसते. धार, झाबुआ, अलिराजपूरच्या गावांतून दरवर्षी कुटुंबंच्या कुटुंबं गुजरातेत बांधकामावर, शेतांवर कामाला जातात. दाहोदकडे जाणारा महामार्ग सरदारपूर-राजगडवरूनच जातो. मुलं बरोबर असतात. माणसं परततात ती होळीला, भगोरियाच्या बाजारांना. मधल्या महिन्यांत अंगणवाडीत गाडी येते तेव्हा मूल जागेवर नसतं, शेरा पडतो 'अनुपस्थित'. महिन्याची औषधाची पट्टी महिन्यातच संपते. थंडी, कमी पाणी पिणं, दिवसभर उन्हात वाळूच्या ढिगाशी बसणं यांनी रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकून अडकतात आणि वेदनेचा झटका येतो, म्हणजे मुलाला औषधाची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच ते त्याच्याकडे नसतं.

खेदाची गोष्ट ही की तिकडे सोय आहे. गुजरातने सिकलसेलचा स्वतःचा कार्यक्रम 2006 मध्येच सुरू केला, आपल्या राष्ट्रीय अभियानाच्या सतरा वर्षं आधी. वलसाडसारख्या ठिकाणी त्याहीआधीपासून स्वयंसेवी काम होतं. महाराष्ट्रात नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांच्या गटाने 2012 मध्ये दाखवून दिलं की हायड्रॉक्सियुरियाच्या कमी, ठरावीक मात्रेनेही मुलांचे वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ कमी होते. कमी मात्रा म्हणजे कमी तपासण्या, कमी खर्च, तालुक्याच्या ठिकाणी झेपेल असा उपचार. हे ज्ञान आपल्याच पट्ट्यात, आपल्याच मुलांवर काम करून मिळालेलं आहे. सातपुड्याच्या दोन्ही अंगांना तेच भिल्ल आहेत, तोच आजार आहे. महाराष्ट्रातल्या धडगावच्या मुलाचं रक्त आणि सरदारपूरच्या मुलाचं रक्त वेगळं नाही. तीन राज्यांची तीन खाती मात्र एकमेकांशी बोलत नाहीत. केंद्राच्या पोर्टलवर या मुलांची नावं आहेत. मग सरदारपूरचं कार्ड दाखवून सुरतेच्या किंवा राजकोटच्या सरकारी दवाखान्यात पुढच्या महिन्याचं औषध मिळण्यात अडचण काय असावी? रेशनसाठी 'एक देश एक कार्ड' आपण केलं. मुलाच्या औषधासाठी ते त्याहून अवघड नाही.

प्रश्न पैशाचाही आहे. अमेरिकेत 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातच अपंग मुलांसाठी राज्यांना पैसे द्यायची तरतूद होती. 1989 मध्ये तिथे आणखी एक अट आली: माता-बाल आरोग्याच्या केंद्रीय निधीतला किमान 30 टक्के भाग विशेष आरोग्यगरजा असलेल्या मुलांसाठीच खर्चावा. तिथली व्यवस्था आदर्श आहे असं मी म्हणत नाही. पण या मुलांचा पैसा वेगळा बांधून ठेवला नाही तर तो सगळ्यांच्या पैशात विरघळतो, हे त्यांना पुष्कळ आधी कळलं. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला 21 दिव्यांगत्वांत जागा दिली, ते चांगलंच झालं.

मला सरदारपूरच्या विकासखंडाकडून एवढंच हवं आहे. दिवाळीआधी यादीतल्या प्रत्येक सिकलसेलच्या मुलाच्या घरी एक माणूस जावं. तीन महिन्यांचं औषध, पाच वर्षांखालच्यांना पेनिसिलिन, न्यूमोकोकलची लस राहिली असेल तर ती. कामाला कुठे जाणार ते विचारून वहीत लिहावं. आईला प्लीहा चाचपून दाखवावी. ज्या नवरा-बायकोची दोघांचीही कार्डं ते वाहक असल्याचं सांगतात, त्यांच्या घरी पुढचं बाळंतपण कधी आहे ते विचारावं, कारण प्रत्येक खेपेला चारात एक बाळ आजारी निघू शकतं आणि त्या बाळाच्या टाचेचा ठिपका पहिल्या आठवड्यातच जायला हवा. आणि वर्षाअखेरीला भोपाळला आकडा पाठवताना किती कार्डं वाटली याच्या शेजारी आणखी एक रकाना असावा: किती मुलांनी बाराही महिने औषध घेतलं.

हायड्रॉक्सियुरियाचं पातळ औषध, मुलांसाठीच केलेलं, खोलीच्या तापमानाला टिकणारं, 2024 मध्ये एका भारतीय कंपनीने बाजारात आणलं. आयातीच्या औषधाच्या तुलनेत किंमत नगण्य. त्याची बाटली त्या फलियापर्यंत पोचली तर वाटी, काडी, उघडलेली कॅप्सूल, जावेचे हात, सगळंच टळेल. निघताना त्या आईने मला विचारलं होतं, उरलेलं पाणी झाकून उद्याला ठेवलं तर चालेल का? एवढं चांगलं औषध रोज ओतून द्यायला तिला जिवावर येत होतं. मी म्हटलं, नको बाई, ठेवू नका, आणि अंगणातही ओतू नका, दवाखान्यात विचारा. तिने मान डोलावली. दवाखान्यात कुणाला विचारायचं, ते मी तिला सांगू शकलो नाही.