मागच्या सीटवरचा पट्टा

पूर्वी गावाला जायचे म्हणजे एस.टी.नेच. आता दारात मोटार आली आणि २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही पूर्ण खुला झाला. सोय झाली, याचा आनंदच आहे. पण हौसेने घेतलेल्या गाडीत मागच्या सीटचा पट्टा कव्हरखाली दडपलेला असतो! "मागे बसल्यावर पट्टा कशाला, डॉक्टरसाहेब?" असे सुशिक्षितही विचारतात.

कारण साधे आहे. धडक बसली की गाडी थांबते. आतले शरीर मात्र त्याच वेगाने पुढे फेकले जाते. डोके, मान, छाती यांना जीवघेणा मार बसतो. मांडीवरचे मूल तर कोणत्याही आईला धरून ठेवता येत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील अपघातात दगावलेले उद्योगपती सायरस मिस्त्री मागेच बसले होते, पट्टा न लावता.

मागे बसणाऱ्यांनाही पट्टा सक्तीचा आहे. न लावल्यास १००० रुपये दंड. पण प्रश्न दंडाचा नाही. खरे सांगतो, माझ्या गाडीतले पट्टेही त्या बातमीनंतरच कव्हरखालून बाहेर आले. वाचकहो, किल्ली फिरवण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहा.