गोराईच्या वाटेवरील आवाज

बोरिवलीहून गोराईच्या खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याने आम्ही नित्य येजा करतो. परंतु आकाशवाणीची ‘विविध भारती’ याच रस्त्यावर नांदते, हे आमच्यातील पुष्कळांस ठाऊक नसते. ही सेवा ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. तिच्या ‘जयमाला’ कार्यक्रमातून सैनिकांस त्यांच्या आवडीची गाणी ऐकविण्यात येत. देशाच्या कानाकोपऱ्यांतून श्रोत्यांची पत्रे बोरिवलीच्या पत्त्यावर येत, ही या उपनगरास भूषणावह अशीच गोष्ट होय.

येथून दक्षिणेस, मालाडच्या मार्वे रस्त्याकडे, आकाशवाणीचे प्रक्षेपणस्थान आहे. खाडीकाठची अशी जागा काही उगाच निवडीत नाहीत. मध्यम लहरी भूमीस बिलगून चालतात, आणि खारट, ओलसर जमिनीवरून त्या दूरवर पोहोचतात. ५५८ किलोहर्ट्झची एक लहर सुमारे ५३८ मीटर लांब असते. म्हणून तिला उत्तुंग मनोरा व विस्तीर्ण मोकळी जागा लागते. एफ. एम.ची लहर जेमतेम तीन मीटरांची. तिचा स्वर निर्मळ, विजेच्या कडकडाटानेही तो फारसा बिघडत नाही. पण ती सरळ रेषेत धावते आणि डोंगर आड आला की क्षीण होते. म्हणूनच तिचा मनोरा उंचावर हवा. २००२ साली मुंबईत खाजगी एफ. एम. केंद्रे निघाली, तेव्हा घरोघर हेच स्वर घुमू लागले.

आता कोणी म्हणेल, ‘भ्रमणध्वनी हाती असता या मनोऱ्यांचे प्रयोजन काय?’ आम्हांस हे मत मान्य नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. ठिकठिकाणी वीज गेली, दूरध्वनी लागेनात, आणि घरी न परतलेल्यांच्या वाटेकडे माणसे डोळे लावून बसली. त्या रात्री सेलवर चालणारा लहानसा रेडिओ मात्र बोलत होता. याचे कारण साधे आहे. दूरध्वनीत प्रत्येकास स्वतंत्र वाट द्यावी लागते, व गर्दी झाली की ती तुंबते. रेडिओचा मनोरा एकास सांगो वा दहा लाखांस, त्याचे श्रम तितकेच.

मुंबईत मोकळ्या भूमीवर सर्वांचीच दृष्टी असते. जे निरुपयोगी वाटते ते प्रथम विस्मरणात जाते व मागाहून नाहीसे होते. यास्तव पालकांस आमची विनंती आहे की, आपण कोणते केंद्र ऐकत होता, पुराच्या रात्री रेडिओने काय सांगितले, हे मुलांस अवश्य सांगावे. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्ही ते वहीत उतरून ठेवा. घरात एक रेडिओ व दोन सेल जपून ठेवण्यास खर्च तो किती? संकटकाळी त्याचे मोल कळेल.