खपाचा आकडा हा जाहिरातीचा निकाल नव्हे

'जाहिरात समाज घडवत नाही, तो आहे तसा दाखवते,' हे जाहिरात व्यवसायाचं ठेवणीतलं उत्तर. रंग उजळवणाऱ्या क्रीमच्या जाहिरातींवर कुणी बोट ठेवलं की ते हमखास पुढे येतं. जोडीला दाखलाही असतो: 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली, पण 'गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष' वधू लोकांना त्याआधीपासूनच हवी होती.

दाखला खरा आहे, निष्कर्ष खोटा. या क्रीमची हवाई सुंदरीची ती गाजलेली जाहिरात आठवा. घरात पैशांची ओढाताण, मुलगी सावळी, 'मुलगा असता तर' म्हणून हळहळणारा बाप. मुलगी क्रीम लावते, उजळते, विमान कंपनीत नोकरी मिळवते आणि आईबापांना झकास ठिकाणी कॉफी प्यायला नेते. मुली शिकून कमावण्याचं स्वप्न पाहू लागल्या होत्या. त्या स्वप्नालाच इथे रंगाची अट जोडली गेली. लग्नाच्या बोलणीतली अट नोकरीच्या मुलाखतीपर्यंत आपोआप चालत येत नाही; ती कुणीतरी बैठकीत बसून, विचार करून आणतं. जनवादी महिला संघटनेने आवाज उठवला आणि २००३ साली ती जाहिरात बंद झाली.

शिवाय जाहिरात व्यवसायातली हीच मंडळी क्लायंटपुढे काय सांगतात? जाहिरातीने मत बदलतं, सवय बदलते, म्हणून तर कोट्यवधींचं बजेट मागितलं जातं. क्लायंटपुढे जाहिरात प्रभावी आणि टीकाकारापुढे निरुपद्रवी, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही.

खरी खोट मोजमापात आहे. जाहिरात कितीजणांच्या लक्षात राहिली, खप किती वाढला, हे काटेकोरपणे तपासलं जातं. पण जाहिरात फक्त गिऱ्हाईकच पाहतं असं नाही. जिने क्रीम कधीच घेतली नाही, पण जी टीव्हीसमोर बसून आपल्या रंगाची लाज वाटून घ्यायला शिकली, ती शाळकरी मुलगी कुठल्याच अहवालात नसते. जाहिरात मानक परिषद १९८५ पासून आहे. सावळ्या रंगाला कमी लेखू नये असे नियम तिने २०१४ मध्ये केले. पण तक्रार येते ती जाहिरात झळकल्यावर, तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. 'फेअर अँड लव्हली'च्या नावातला 'फेअर' जायला २०२० उजाडलं.

म्हणून जाहिरातच नको, हेही मला मान्य नाही. पोलिओ लसीकरणाचा 'दो बूंद जिंदगी की' हा प्रचार आठवा. लस पाजली ती बूथवरच्या आणि घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी, पण आयांना बूथपर्यंत आणण्यात त्या प्रचाराचा वाटा मोठा होता. तिथे यश कसं तपासलं? मुलांच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण आहे का, हे पाहून. एखादं मूल राहिलं तर दारावर खडूने फुली, आणि त्या घरी पुन्हा फेरी. नकार कुठून येतो हे कळलं की तिथे ओळखीचा, विश्वासाचा माणूस पाठवायचा. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण सापडला नाही; २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला.

अशी तपासणी क्रीम विकणाऱ्यांनाही करता येईल. जाहिरातीच्या ब्रीफमध्ये 'टार्गेट ऑडियन्स'च्या खाली आणखी एक रकाना हवा: ही जाहिरात आणखी कोण पाहणार आणि त्यांच्या मनावर काय ठसणार? खपाची पाहणी करणाऱ्या संस्थेनेच क्रीम न घेणाऱ्या मुलींनाही गाठावं, जाहिरात येण्याआधी आणि नंतर: जाहिरातीत दाखवलेल्या नोकरीसाठी तू अर्ज करशील का? 'नाही' म्हणणाऱ्या मुली वाढल्या, तर खप कितीही वाढो, ती जाहिरात फसली असं अहवालात लिहावं आणि ती उतरवावी.