गेलेली टेकडी



मागच्या पंधरवड्यात पाणलोटाच्या कामावर गेलो होतो. दुपारी भाकरी खाताना कॉलेजात जाणाऱ्या एका पोराने विचारले, "साहेब, लढाई हरूनही क्रांतीला बळ येते म्हणतात, ते कसे?" सकाळभर चर खणून त्याच्या हाताला फोड आले होते. त्याला जी हकीकत सांगितली, तीच तुम्हाला सांगतो.

साल १७७५. अमेरिकेतल्या तेरा वसाहतींचे इंग्लंडच्या राजाशी बिनसले होते. बोस्टन शहरात इंग्रजांची फौज होती आणि भोवती वेढा घालून बसलेले बहुतेक शेतकरी नि कारागीर. वर्दी नाही, कवायत जेमतेम, दारूगोळा मोजका. कुदळ-फावडे चालवायला मात्र त्यांना कोणी शिकवायला नको होते. १६ जूनच्या मध्यरात्री हजारभर माणसांनी शहरासमोरच्या ब्रीड्स टेकडीवर खणायला घेतले आणि उजाडेतो सुमारे चाळीस मीटर लांबी-रुंदीची मातीची गढी उभी केली. ज्यांनी बांध घातले आहेत त्यांनी हिशेब करून पाहावा! डाव्या अंगाला शेताचे लाकडी कुंपण होते. त्याला लागून दुसरे कुंपण रचले आणि मधे नुकतेच कापलेले गवत कोंबले.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंग्रज चालून आले. उंच गवतातून आणि कुंपणे ओलांडताना त्यांच्या रांगा मोडत. दोनदा त्यांना मागे रेटले. तिसऱ्या वेळी गढीतली दारू संपली आणि टेकडी गेली. वसाहतवाल्यांचा लाडका पुढारी डॉक्टर जोसेफ वॉरन तिथेच पडला. शेजारच्या टेकडीवरून या लढाईला बंकर हिलचे नाव पडले.

आता खर्च पाहा. इंग्रजांचे १,०५४ लोक मेले किंवा जखमी झाले, त्यांत अधिकारी फार. समोरच्यांचे सुमारे साडेचारशे. तरी लगेच कोणी पेढे वाटले नाहीत. कुमक वेळेवर का आली नाही यावरून एकमेकांवर खापर फुटले, काही अधिकाऱ्यांवर खटले चालले. पुढे जुलैत वॉशिंग्टनने सूत्रे घेतली. ऑगस्टात त्याने मोजदाद केली तर माणशी जेमतेम नऊ काडतुसे निघाली.

पण तिकडे लंडनला बातमी पोहोचली होती. वसाहतींनी जुलैत समेटाचा अर्ज धाडला होता, राजाने तो घेतलाच नाही आणि २३ ऑगस्टला त्यांना बंडखोर जाहीर केले. परतीची वाट त्यानेच बुजवली. जे कालपर्यंत तडजोडीची भाषा करत होते, तेही हळूहळू स्वातंत्र्याचे बोलू लागले.

मार्च १७७६ मध्ये पुन्हा तसेच काम निघाले, डॉर्चेस्टरच्या उंचवट्यावर. जमीन गोठलेली, कुदळ लागेना. म्हणून लाकडी चौकटी नि काटक्यांच्या मोळ्या आधीच बांधून ठेवल्या आणि रात्री बैलगाड्यांनी वर नेल्या. वाटेच्या कडेला गवताचे भारे रचले, म्हणजे शत्रूला हालचाल दिसू नये. सकाळी इंग्रज पाहतात तो डोक्यावर तटबंदी! बंकर हिलवर स्वतः चाल करून गेलेला जनरल हाऊ आता मुख्य सेनापती होता. त्याने हल्ल्याचा हुकूम दिला, तेवढ्यात वादळ सुटले, आणि हल्ला रद्द झाला. वादळ ओसरल्यावरही तो चढून गेला नाही. माझ्या मते त्याला ते हजार लोक आठवत असावेत. १७ मार्चला इंग्रज जहाजात बसून बोस्टन सोडून गेले.

पोराला नवल वाटले ते गवताच्या भाऱ्यांचे. म्हणाला, "साहेब, ते भारे मागून जनावरांना घातले असतील का हो?"