मावशी, यात काय आहे?

सोलच्या गल्लीबोळांतल्या छोट्या खानावळीत बसलेले गिऱ्हाईक स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारते ती ‘इमो’ अशी. इमो म्हणजे मावशी, आईची बहीण. नाते काही नसते, ओळखही बहुधा त्या जेवणापुरतीच. पण हाक मावशीचीच. आपल्याकडे मेस चालवणाऱ्या बाईला मावशी म्हणायला कुणाला शिकवावे लागत नाही, तसेच हे. कोरियन भाषेत घरच्या माणसांसाठी ‘सिकगू’ असा एक शब्द आहे. त्याचा शब्दशः अर्थ खाणारी तोंडे. ‘घरात खाणारी तोंडे किती?’ असे विचारणाऱ्या मराठी माणसाला हा शब्द परका वाटू नये.

या घरगुती खानावळी म्हणजे चार-सहा टेबले, गल्ल्यावर नवरा, चुलीपाशी बायको, आणि गर्दीच्या वेळी मदतीला घरातलेच कुणी तरी. सर्वांत साधे जेवण ‘बेकबान’ या नावाचे. वाटीभर भात, एक रस्सा किंवा सूप, आणि भोवती छोट्या बशांतून मांडलेली तोंडीलावणी. त्यांना म्हणतात ‘बानचान’. मीठ-मिरचीत मुरवलेली कोबीची किमची, तिळाच्या तेलातला पालक, मोड आलेल्या सोयाबीनची कोशिंबीर, गोडसर परतलेली सुकी मासळी, मुळ्याच्या फोडी. बानचानचे वेगळे पैसे लागत नाहीत आणि बशी संपली तर पुन्हा भरून मिळते. भात असतो झाकणाच्या स्टीलच्या वाटीत. या वाटीलाही इतिहास आहे. 1970च्या दशकात तांदूळ वाचवण्याच्या मोहिमेत सरकारने खानावळींच्या वाटीचे मापच ठरवून दिले होते. आज तांदळाची टंचाई नाही, वाटी मात्र राहिली. चांगल्या रांधणाऱ्या बाईबद्दल कोरियन माणूस ‘सोनमात’ हा शब्द वापरतो. सोन म्हणजे हात, मात म्हणजे चव. हाताची चव! तिकडेही ती मोजमापाच्या चमच्यात सापडत नाही, असेच मानतात.

टेबलावर सर्वांत मोठ्या माणसाने चमचा उचलल्याशिवाय धाकटे जेवायला सुरुवात करीत नाहीत. वडीलधाऱ्याला काही द्यायचे तर दोन्ही हातांनी. खदखदता रस्सा मध्यभागी ठेवून सगळ्यांनी आपापल्या चमच्याने त्यातूनच घेण्याची जुनी रीत आहे. एका मोठ्या ताटाभोवती बसून इफ्तार करणाऱ्या घरांना त्यात नवल वाटणार नाही.

इथपर्यंत सगळे गोड आहे. अडचण सुरू होते ती त्या रश्श्यात काय आहे, या प्रश्नापाशी.

कोरियात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुसलमानाला हा प्रश्न दिवसातून तीनदा पडतो आणि रमजानमध्ये दोनदा. डुकराचे मांस तिथल्या रोजच्या जेवणात मुरलेले आहे. किमचीच्या रश्श्यात बहुधा तेच असते. भाताच्या किमबाप वळकटीत हॅमची पट्टी असते. गोमांसाच्या बुलगोगीत ते नसले, तरी मसाला मुरवताना स्वयंपाकाची वाइन पडलेली असू शकते. बाजारी गोचुजांगमध्ये, म्हणजे आंबवलेल्या लाल मिरचीच्या पेस्टमध्ये, टिकाऊपणासाठी थोडे मद्यार्क घातलेले असते. डब्यावरचे बारीक अक्षर वाचता येणाऱ्यालाच ते कळते. शिवाय शेजारच्या टेबलावर सोजूची हिरवी बाटली असतेच. नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. ‘गोगी’ म्हणजे मांस एवढे ऐकून मावशी मांसाचे तुकडे काढते, पण हॅम किंवा माशाचा अर्क राहून जातो, कारण तिच्या हिशेबात ते ‘मांस’ नसते. ‘द्वेजीगोगी’, म्हणजे डुकराचे मांस, हा शब्द पाठच असावा लागतो. आणि हे दुखणे एकट्या मुसलमानाचे नाही. पुण्या-नागपूरहून गेलेल्या शाकाहारी अभियंत्याची गत याहून वाईट, कारण किमचीतसुद्धा खारवलेली कोळंबी आणि मासळीचा अर्क असतो.

ही खारवलेली कोळंबी म्हणजे ‘सेऊजोत’. आपल्या जवळ्याची ती चुलतबहीण म्हणावी. फक्त वाळवण्याऐवजी मिठात मुरवलेली. खाण्याचे नियम मुसलमानांतही एकसारखे नाहीत, हे अनेक वाचकांना ठाऊक नसते, म्हणून सांगायचे. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई पंथाचे. त्यांच्या मते समुद्रातले जीव हलाल, त्यामुळे खेकडा, शिंपल्या, कोळंबी बिनदिक्कत. हनफी उलेमा खेकडा चालत नाही म्हणतात आणि कोळंबीबद्दल त्यांच्यातच मतभेद आहेत. म्हणजे रत्नागिरीचा आणि औरंगाबादचा असे दोन मुसलमान सोलच्या एका टेबलावर बसले, तर किमचीच्या बशीवरून त्यांच्यातच आधी चर्चा होईल. कुराणातल्या पाचव्या सूरेचे नाव ‘अल्-माइदा’. अर्थ, वाढलेले ताट. खाण्यापिण्याचे बरेच नियम याच सूरेत आले आहेत. नियम आणि पाहुणचार एकाच नावाखाली नांदतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

कोरियाच्या पर्यटन महामंडळाने या गोंधळावर चार पायऱ्यांचा तोडगा काढला. पहिली पायरी, कोरिया मुस्लिम फेडरेशनसारख्या संस्थेचे प्रमाणपत्र असलेले उपाहारगृह. दुसरी, प्रमाणपत्र नाही, पण मालक किंवा आचारी मुसलमान असून तो स्वतः हमी देतो. तिसरी, काही पदार्थ हलाल, पण दारूही विकली जाते. चौथी, हलाल मांस नाही, पण डुकराचे मांसही नाही. कागदावर हे नीटनेटके दिसते. पण चार टेबलांच्या कुटुंबाला यातली कुठलीही पायरी चढणे म्हणजे घरखर्चाचा प्रश्न. सोजू बंद केला तर संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर येणारे नेहमीचे गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. हलाल मांस महाग पडते. पाटी लावली तर काही शेजाऱ्यांच्या भुवया उंचावतात. न लावली तर परदेशी विद्यार्थी दारातूनच परत जातो. मोठ्या हॉटेलला हा हिशेब सल्लागार करून देतात. इथे तो रात्री दुकान बंद झाल्यावर नवरा-बायको करतात.

आणि तरीही काही कुटुंबांनी तो केला. सोलच्या इतेवॉन भागात, हान्नाम टेकडीवर, 1976 साली उघडलेली मध्यवर्ती मशीद आहे. जागा कोरियन सरकारने दिली, बांधकामाला सौदी अरेबियासह मुस्लिम देशांनी पैसा दिला. त्याआधीची कथा युद्धाची आहे. कोरियन युद्धात 1950 साली तुर्की ब्रिगेड लढायला आली. तिच्या सैनिकांनी सुवॉन इथे अनाथ मुलांसाठी ‘अंकारा शाळा’ चालवली आणि तिच्यासोबतच्या इमामांच्या हातून 1955च्या सुमारास पहिल्या काही कोरियनांनी इस्लाम स्वीकारला. पुढे 1970च्या दशकात आखाती देशांत रस्ते आणि बंदरे बांधायला गेलेल्या कोरियन कामगारांपैकीही काही जण मुसलमान होऊन परतले. आज मशिदीकडे जाणाऱ्या चढावर तुर्की कबाब आणि पाकिस्तानी बिर्याणी यांची रांग आहे. त्या रांगेत ‘ईद’ नावाचे एक छोटे घरगुती कोरियन भोजनगृह जगभरच्या मुसलमान प्रवाशांच्या ओळखीचे झाले. चालवणारे कुटुंब कोरियन आणि मुसलमान. बुलगोगी, बिबिमबाप आणि भात भरून शिजवलेल्या अख्ख्या कोंबडीचे सामग्येतांग हे पदार्थ कोरियन चवीचे, कोरियन हाताचे, आणि निश्चिंत मनाने खाता येतील असे. कबाब कुठेही मिळतो. कोरियात राहून कोरियन जेवता येणे, ही त्या टेबलांची खरी देणगी.

याच देशात याच वर्षांत दुसरेही घडले, आणि ते लपवून चालणार नाही. देगू शहरात, क्युंगपूक राष्ट्रीय विद्यापीठाजवळ, मुसलमान विद्यार्थ्यांनी स्वतःच्या जागेवर छोटी मशीद बांधायला घेतली. विद्यार्थी बरेचसे पाकिस्तानी आणि बांगलादेशी, अनेक जण संशोधन करणारे. स्थानिक प्रशासनाने 2020 साली परवानगी दिली. रहिवाशांच्या तक्रारीवरून 2021 च्या फेब्रुवारीत काम थांबवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सप्टेंबर 2022 मध्ये निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूने लागला. त्यानंतर त्या गल्लीत, बांधकामासमोर, डुकरांची मुंडकी मांडण्यात आली. त्या डिसेंबरात विरोधकांनी तिथेच डुकराचे मांस भाजण्याची मेजवानी घातली. मार्च 2023 मध्ये कोरियाच्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने हे द्वेषाचे प्रदर्शन असल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले. विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहणारे प्राध्यापक आणि नागरिकही तिथे होते, हेही नोंदवले पाहिजे. रहिवाशांची गर्दीची, आवाजाची, अरुंद गल्लीची तक्रार खोटीच होती असे म्हणण्याचे कारण नाही. तिच्यावर बोलता आले असते. पण मुंडके मांडले की बोलणे संपते. एरवी त्याच मांसाने कामगाराचे पोट भरते, मित्र एकत्र येतात. त्यात पाप ते खाणाऱ्याचे नाही. जेवण दुसऱ्याला हाकलण्यासाठी मांडले गेले, दोष तिथे आहे.

आपल्याकडच्या वाचकाला हे वाचताना जुलै 2024 आठवेल. उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यविक्रेत्यांनी मालकांची नावे पाटीवर लावावीत, असा आदेश निघाला होता. सर्वोच्च न्यायालयाने 22 जुलैला त्याला अंतरिम स्थगिती देताना फरक नेमका केला: कोणत्या प्रकारचे अन्न मिळते ते सांगायला लावता येईल, मालकाचे किंवा नोकरांचे नाव जाहीर करायला भाग पाडता येणार नाही. ‘यात काय आहे?’ हा खाणाऱ्याचा हक्क. रोजेदाराचा, वारकऱ्याचा, कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या जैनाचा, मधुमेह्याचा, सगळ्यांचा. ‘हे कोणी शिजवले?’ हा प्रश्न हाताची चव घेण्यासाठी विचारला तर गोड, आणि जात-धर्म काढण्यासाठी विचारला तर नाही. मुसलमानांनीही हे स्वतःला लावून पाहायला हवे. मांस हलाल आहे की नाही हे विचारणे रास्तच. पण भाजी-भाकर, फळे, मिठाई कुणाच्या दुकानची, यावरून इफ्तारच्या ताटात निवड करणारे लोक आपल्यातही आहेत.

पहिला प्रश्न सोपा असतो तो छोट्या घरगुती खानावळीतच. मोठ्या हॉटेलात वेटर आत जाऊन येतो आणि ‘नो पोर्क, सर’ म्हणतो. त्याने विचारले की नाही, देव जाणे. चार टेबलांच्या घरात ज्या बाईने सकाळी रस्सा चढवला तीच समोर उभी असते. तिला माशाचा अर्क किती पडला ते माहीत असते, आणि खोटे सांगितले तर उद्या तेच गिऱ्हाईक पुन्हा डोळ्यांसमोर येणार असते. कोरियातल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकात मांस-मासळी तर नसतेच, कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या पाच उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य असतात. त्यामुळे खाण्याचे पथ्य पाळणारा माणूस कोरियन आजीला नवा नाही. तिला फक्त पथ्य कोणते, ते सांगावे लागते.

आपल्या राज्यात हा विषय लांबचा राहिलेला नाही. रांजणगावात एलजी आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा जुना कारखाना ह्युंदाईने घेतला, आणि रायगडच्या माणगाव तालुक्यात विळे-भागाडला पोस्कोचे पोलाद आहे. पुण्यात कोरियन कुटुंबे स्थायिक आहेत, त्यांच्यासाठी निघालेली कोरियन भोजनगृहे आहेत, आणि कोरियन मालिका पाहणाऱ्या मुलांमुळे तिथे आता मराठी घरेही जेवायला जातात. त्या मुलांत हिजाब घातलेल्या मुली असतात, उपवासाच्या दिवशी फक्त चहा घेणाऱ्या मैत्रिणी असतात. परक्या गावात दुकान मांडून बसलेली कोरियन बाई त्यांना काय वाढायचे हे अजून शिकते आहे. तिच्याकडे प्रमाणपत्र मागण्याआधी दोन वाक्ये शांतपणे विचारली तर बहुधा काम होते: डुकराचे मांस एकाच तव्यावर भाजता का? रश्श्याचे पाणी कशाचे? उत्तर ‘हो’ आले तर भाजी-भाताचा बिबिमबाप मागावा, किंवा हसून निरोप घ्यावा. दोन्हींत कुणाचा अपमान नाही.

सध्या काही वर्षे रमजान हिवाळा सरता सरता येतो आहे. त्या दिवसांत सोलमध्ये सूर्य साधारण सव्वासहा ते पावणेसातच्या दरम्यान मावळतो आणि कोरियन माणसाची रात्रीच्या जेवणाची वेळही जवळपास तीच. मगरिबच्या दहा मिनिटे आधी आलेल्या विद्यार्थ्यापुढे बानचानच्या बशा मांडल्या जातात आणि तो घड्याळाकडे पाहत बसून राहतो. नवी असेल तर मावशी विचारते, काही चुकले का? जुनी असेल तर भाताच्या वाटीवरचे झाकण काढत नाही, तसेच ठेवते.